लोटाभर पाणी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवणी लिहून पाठवाव्यात असे मुख्याध्यापकांचे पत्र आले, तेव्हा बोर्डिंग, पत्र्याचे भोजनगृह, पहाटेची घंटा आणि कबड्डीचे मैदान या साऱ्यांविषयी लिहावे असे मी मनाशी ठरवले होते. प्रत्यक्षात लिहायला बसलो की मास्तरच समोर येऊन उभे राहतात आणि बाकीचे सारे त्यांच्या मागे झाकले जाते. मास्तर म्हणजे कोणते, हे आपल्या शाळेच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

शनिवारी शेवटच्या तासाला इतर मुलांना नीतिशिक्षण असे आणि आम्ही कॅथलिक मुले-मुली चर्चच्या पडवीत धर्मशिक्षणासाठी मास्तरांपुढे बसत असू. नववीच्या वर्षी आमची दृढीकरणाची, म्हणजे बाप्तिस्म्यातली श्रद्धा बिशपांच्या हातून पक्की करून घेण्याच्या संस्काराची, तयारी चालू होती. औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली अमरावतीपासून वेगळा झालेला असल्याने बिशपस्वामींचे येणे ही तेव्हा अजून नवलाईची गोष्ट होती आणि त्यांच्यापुढे आपली मुले अडखळू नयेत असे साऱ्यांनाच वाटत असे. त्यामुळे स्नानसंस्कार म्हणजेच बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, प्रायश्चित्त, रुग्णाभ्यंग, गुरुदीक्षा आणि विवाह हे सात संस्कार, त्यांची संख्या ट्रेंट येथे भरलेल्या कॅथलिक धर्मपरिषदेने १५४७ साली ठामपणे सांगितली हे वाक्य, आणि ‘संस्कार म्हणजे अदृश्य कृपेचे दृश्य चिन्ह’ ही व्याख्या आम्ही पाढ्यांसारखी घोकली होती. व्याख्येचा अर्थ मात्र कोणालाच कळलेला नव्हता, आणि मास्तरांना ते ठाऊक होते.

त्या वर्षी चैत्रातच बोर्डिंगची विहीर आटली. टँकर दिवसाआड येई आणि प्यायचे पाणी माणशी मोजून मिळे. अशा दिवसांत मास्तर स्नानसंस्कार शिकवायला निघाले. त्यांनी विचारले, “बाळांनो, बाप्तिस्म्याला किती पाणी लागतं?” पहिल्या ओळीतल्या कोणीतरी परिस्थिती ओळखून उत्तर दिले, “एक थेंब.” मास्तर काही बोलले नाहीत. त्यांनी कोपऱ्यातला आपला पितळी लोटा उचलला, मला पुढे बोलावून हात पसरायला लावले आणि तो लोटा सावकाश, धार न तोडता माझ्या हातांवर ओतला. शहाबादी फरशीवरून ओघळ पायरीपर्यंत गेला आणि खालच्या फुफाट्यात जिरला. चाळीस पोरे त्या ओल्या डागाकडे टक लावून पाहत होती. एक मुलगी न राहवून म्हणाली, “मास्तर, प्यायचं होतं ना ते!” तेव्हा ते म्हणाले, “म्हणूनच तुम्हाला दिसलं. पाणी अंगावरून वाहिलं पाहिजे. नुसतं टिपकं लावून भागत नाही.”

मग त्यांनी मला विचारले, “काय रे, तुझा आत्ता बाप्तिस्मा झाला का?” मी गोंधळलो. माझा तो पाळण्यात असतानाच झाला होता आणि तो आयुष्यात एकदाच होतो, एवढे मला माहीत होते. मास्तर हसले आणि म्हणाले की मी अगदी बिनबाप्तिस्म्याचा असतो तरीही आता नुसते हातच ओले झाले असते, कारण ना त्यांनी बाप्तिस्म्याचे ठरलेले शब्द उच्चारले होते, ना तसा हेतू धरला होता. वस्तूला शब्द येऊन मिळतो तेव्हा संस्कार होतो, हे संत ऑगस्टीन यांचे म्हणणे त्यांनी त्या ओल्या फरशीकडे बोट दाखवत समजावले. हे केवळ परीक्षेपुरते नव्हते. आमच्यातल्या बहुतेकांची गावे चर्चपासून लांब होती; नवजात मूल दगावण्याच्या बेतात असेल आणि फादर वेळेत पोहोचणार नसतील, तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, अशी चर्चची शिकवण आहे. माझी आत्या सुईणपण करी. मी सुट्टीत घरी गेल्यावर तिला हे सांगितले, तेव्हा तिने बाप्तिस्म्याचे ते शब्द माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतले.

आणखी एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. ख्रिस्तप्रसादाच्या, म्हणजे मिस्सेतल्या भाकर-द्राक्षारसाच्या संस्काराच्या, धड्याच्या वेळी मी विचारले होते की येशूने लोकांचे रोजचे अन्न घेतले असेल, तर आपल्याकडे ज्वारीची भाकरी का चालत नाही? दुसऱ्या कोणी हे चावटपणात काढले असते. मास्तरांनी मात्र पुढच्या शनिवारपर्यंत मुदत मागितली, फादरांना विचारले आणि येऊन सांगितले की भाकर गव्हाचीच आणि द्राक्षारस द्राक्षाचाच हवा. ते चिन्ह येशूच्या अखेरच्या भोजनातून आपल्या हाती आलेले आहे, आपण निवडलेले नाही. मी हिरमुसलो असणार, कारण त्यांनी लगेच पुढची बातमी उत्साहाने सांगितली. रुग्णाभ्यंगासाठी, म्हणजे आजाऱ्याला तेल लावून करायच्या संस्कारासाठी, ऑलिव्हचे तेल मिळत नसेल तर दुसरे वनस्पतीचे तेल वापरण्याची मुभा पोप सहावे पॉल यांनी १९७२ साली, म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या दुष्काळाच्याच वर्षी, दिली होती. “म्हणजे आपलं करडीचं चालतं!” असे म्हणताना त्यांना झालेला आनंद मला अजून आठवतो.

पुढे मी स्थापत्य अभियंता झालो आणि पाणीपुरवठ्याच्या कामात नोकरीची तीस वर्षे गेली. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, तेव्हा मी स्टेशनवर होतो. दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. सारे आकडे मला तोंडपाठ असताना, एका जोडावरून गळणाऱ्या धारेखाली लोकांनी ओंजळी धरलेल्या पाहिल्या आणि मला पडवीतली ती फरशी दिसली. मास्तरांना हे पत्राने कळवायचे ठरवले होते. कामाच्या रगाड्यात ते राहून गेले, आणि पुढच्याच वर्षी ते गेल्याची बातमी आली.

हल्ली धर्मशिक्षणाचा तास पडद्यावर चित्रे दाखवून घेतात असे ऐकतो. चित्रे सुरेख असतीलही, पण त्यांनी हात भिजत नाहीत. ही म्हाताऱ्याची कुरकुर आहे असे कोणी म्हटले तर माझी हरकत नाही.

महोत्सवाच्या आठवड्यात माझ्या नातीचा स्नानसंस्कार आपल्याच चर्चमध्ये व्हावा, अशी विनंती मी फादरांना केली आहे आणि त्यांनी ती मान्य केली आहे. मास्तरांचा तो लोटा त्यांच्या थोरल्या सूनबाईंनी जपून ठेवला आहे. तो एका दिवसासाठी द्यायचे त्यांनी कबूल केले आहे. फक्त चिंचेने घासून आणा, असे बजावले आहे.