लोटस सेव्हनच्या वाटेने, लंडनमध्ये

सकाळी सातला वेस्टमिन्स्टर पूल गाठला. बिग बेन डोळे भरून पाहिलं, पण मी आले होते एका गाडीच्या वाटेने चालायला. ‘द प्रिझनर’ या १९६७ च्या ब्रिटिश मालिकेत एक गुप्तहेर राजीनामा देतो आणि त्याला पळवून एका गावात कैद करतात. सुरुवातीला हा नायक, म्हणजे अभिनेता पॅट्रिक मॅकगूहन, याच पुलावरून येतो, लोटस सेव्हन ही छोटी उघडी स्पोर्ट्स कार चालवत. हिरवी गाडी, पिवळं नाक, नंबर केएआर १२० सी.

मॅकगूहनला आधी लोटस कंपनीचीच दुसरी गाडी, एलान, देऊ केली होती. त्याने सेव्हन मागून घेतली, आणि त्याचं बरोबरच होतं! एलान देखणी, पण राजीनामा आपटायला निघालेल्या माणसाला सेव्हनच शोभते. वजन जेमतेम अर्धा टन, पुढची चाकं बॉडीच्या बाहेर, आणि बैठक इतकी खाली की हात सोडला तर बोटं रस्त्याला लागावीत. त्या उंचीवरून शहर कसं दिसत असेल म्हणून मी फुटपाथवर उकिडवी बसले. समोरून आलेल्या बसचं चाक माझ्या डोक्याएवढ्या उंचीवर होतं.

पार्लमेंट ओलांडलं की अॅबिंग्डन स्ट्रीट. इथल्या भुयारी पार्किंगमध्ये गाडी उतरते आणि नायक तडक साहेबाच्या टेबलापर्यंत जातो. तो उतार अजून आहे. मी कठड्याशी बराच वेळ रेंगाळले.

त्या काळी ब्रिटनमध्ये सेव्हन सुट्या भागांत घेतली की खरेदी कर वाचायचा, म्हणून बरेच जण ती घरीच जोडत. मालिकेतला नायकही त्यातलाच. एका भागात तो कैदेतून निसटून घरी येतो, तर त्याची गाडी दुसरीच बाई चालवतेय. तो इंजिन नंबर तोंडपाठ सांगतो. स्वतःच्या हातांनी जोडलेली गाडी, विसरेल कसा?

दोन दिवसांपूर्वी वेल्समधलं पोर्टमेरियनही पाहिलं. क्लफ विल्यम्स-एलिसने १९२५ पासून उभारलेलं हे रंगीत गाव म्हणजे मालिकेतली कैद. मालिकेत तिथे टॅक्सी म्हणून मिनी मोक या छोट्या उघड्या गाड्या फिरतात. सेव्हन मात्र लंडनची, त्याच्या मोकळ्या आयुष्यातली.

शेवटी बकिंगहम प्लेस. एक नंबरचं घर, मालिकेत त्याचं. ती गाडी या दारासमोर उभी असायची. शेवटच्या भागात तो इथूनच तिच्यात बसून निघतो, आणि मोकळ्या रस्त्यावर ती पहिल्या भागासारखीच सरळ आपल्या अंगावर येते.