हात खाली येऊ न देता

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या निसर्गशिबिरांत मी मुलांना तळव्यांत काडी फिरवून, ती फळीवर घासून विस्तव काढायला शिकवतो. मार्च २०२३मध्ये म्हादई अभयारण्यात वणवे लागले, तेव्हापासून हा तास जंगलात घेत नाही. सारवलेल्या अंगणात, पाण्याची बादली शेजारी ठेवूनच.

घाणेरीची वाळलेली सरळ काडी आणि सावरीची फळी. सावर मऊ, हलकी. आगपेटीच्या काड्याही तिच्या करतात. फळीच्या कडेजवळ काडीपुरता खळगा, आणि कडेपासून थेट खळग्याच्या मध्याजवळ पोचणारी खाच. बहुतेक प्रशिक्षक खाच उथळ ठेवतात आणि मग लाकडाला नावं ठेवतात. भुगा खाचेत एकत्र साठला तरच ऊब धरतो. तांबूस भुगा म्हणजे अजून घासायचं. काळा पडला, हात थांबवल्यावरही धुरत राहिला, की आत निखारा आहे. एका रिसॉर्टवाल्याने मला खाचेत रॉकेलचा बोळा ठेवायला सांगितलं होतं, पाहुण्यांना पटकन जाळ दिसावा म्हणून. तिथे मी परत गेलो नाही.

खरी गोम हातांत आहे. तळव्यांत काडी फिरवत दाब दिला की हात घसरत तळाशी येतात. ते वर नेईपर्यंत खळगा निवतो. मेअखेरच्या दमट हवेत तर फारच नडतं. अशाच एका दिवशी कॉलेजची तगडी पोरं दंड भरून येईपर्यंत घासत होती, भुगा तांबूसच.

स्वयंपाकाच्या मावशी बघत होत्या. म्हणाल्या, "सर, हात खाली जाऊ देतातच कशाला?" आणि बसल्या. त्यांचे हात काडीच्या मध्यावरून हललेच नाहीत. मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत अख्खा तळवा वापरत होत्या, आणि तळवे सरळ पुढेमागे न जाता किंचित तिरके सरकत होते. भुगा काळा झाला. नारळाच्या सोडणाच्या काथ्यात निखारा घेऊन त्यांनीच फुंकला, जाळ झाला.

त्यांनी लहानपणापासून काथ्याचे सुंभ वळलेत. पण सुंभ वळताना पीळ एकाच दिशेने द्यायचा असतो, काडी मात्र दोन्हीकडे फिरते. मग सुंभाने त्यांना नेमकं काय दिलं? मला वाटतं, बेताचा दाब. काथ्या तळव्यांत जोराने आवळला तर वळतच नाही. पोरं काडी आवळत होती. पण तो तिरका सरक कुठून आला, ते अजून उमगत नाही. पुढच्या शिबिरात मावशींना आधी सुंभ वळायला सांगणार, लगेच काडी देणार, आणि दोन्ही वेळा फक्त त्यांची मनगटं बघणार.