लॅबचा गुडघा वेगळा, पॉमचा वेगळा

शिवाजी पार्कला कुणाचं कुत्रं मागचा पाय उचलून चालताना दिसलं की कट्ट्यावरचे सगळे एकच सांगतात, "मुरगळला असेल, होईल दोन दिवसात बरा." लॅब (लॅब्राडॉर) असेल तर प्लीज असं सोडून देऊ नका.

आपण सरळ उभे राहतो, कुत्र्याचा गुडघा मात्र (मागच्या पायाचाच, पुढे असतं ते कोपर) उभं असतानाही वाकलेला असतो आणि नडगीच्या हाडाचा वरचा भाग मागे उतरता असतो, साधारण 20 ते 25 अंश, त्यामुळे प्रत्येक पावलाला नडगी पुढे सरकू बघते आणि तिला धरून ठेवतं ते क्रुशिएट लिगामेंट, म्हणजे गुडघ्याच्या आतला हाडं बांधून ठेवणारा पट्टा. फुटबॉलवाल्यांचं एका झटक्यात तुटतं, कुत्र्यांचं बहुतेक वेळा विहिरीच्या काठावर घासणाऱ्या दोरासारखं आतल्या आत विरत जातं, मग एक दिवस कुत्रं सोफ्यावरून उडी मारतं, लिगामेंट तुटतं आणि दोष सोफ्याला.

लॅब, रॉटवायलर, न्यूफाउंडलँड यांच्यात हे जास्त. ग्रेहाउंड एवढा सुसाट पळतो तरी त्याच्यात क्वचितच, म्हणजे नुसत्या पळण्याने होत नाही, अंगकाठी, आनुवंशिकता, वजन सगळं येतं त्यात. पॉम (पॉमेरेनियन), चिवावा या छोट्या कुत्र्यांचं दुखणं वेगळं, त्यांच्या गुडघ्याच्या वाटीची खाच उथळ असते म्हणून वाटी आतल्या बाजूला सरकते, दोन-तीन पावलं लंगडी घालतात, पाय झटकतात आणि परत नॉर्मल. लोक त्याचे रील्स काढतात, पण तेही दाखवून घ्या.

आमच्या बिल्डिंगमधला ब्रुनो बसताना एक पाय बाहेर फेकून बसायला लागला होता, हात लावला तर ती मांडी दुसरीपेक्षा बारीक लागत होती. व्हेटनी एका हाताने मांडीचं हाड धरलं, दुसऱ्याने नडगी, आणि नडगी चक्क पुढे सरकली, म्हणजे लिगामेंट गेलेलं. त्याचं टीपीएलओ ऑपरेशन झालं, त्यात लिगामेंट शिवत नाहीत, हाड कापून फिरवतात आणि प्लेट बसवतात, म्हणजे उतारच कमी होतो. मग कित्येक आठवडे फक्त पट्ट्यावर फिरायचं, जिना नाही, उड्या नाहीत.

आणि एक गुडघा गेला की साधारण निम्म्या कुत्र्यांचा दुसराही जातो, म्हणून वजन उतरवणं सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्सवर पाय सटकतात, तिथे रबरी मॅट टाका. ब्रुनोची चहाबरोबरची बिस्किटं काकूंनी बंद केली आहेत, आजोबा अजून ऐकत नाहीत.