ताई ची, वर्ष तिसरं: चोवीसवरून आठवर

गेल्या नोंदीत लिहिलं होतं की दिवाळीपर्यंत ताई चीचा तलवारीचा फॉर्म, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, सुरू करायचा. तो बेत सोडला. उलट नेहमीच्या हातांच्या फॉर्ममधल्या २४ पैकी पहिल्या ८ हालचालीच सध्या करतेय, उजव्या बाजूच्या ‘चिमणीची शेपटी धरणे’ या हालचालीपर्यंत. जूनपासून रोज सकाळी तेवढंच, आणि त्याआधी २० मिनिटं खांबासारखं उभं राहणं. या चार महिन्यांत हाती लागलं ते आधीच्या दोन वर्षांत लागलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

निमित्त झालं गुडघ्याचं. ‘ब्रश नी’ या पुढे पाऊल टाकण्याच्या हालचालीत पुढच्या पायावर पूर्ण भार असतानाच मी तो पाय बाहेर वळवत होते आणि गुडघा आत पडत होता. त्यात गुडघे जास्त वाकवून खाली जायची हौस. मे महिन्यात जिना उतरताना कळ यायला लागली. सरांनी उभं राहणं चार बोटं उंच करायला लावलं. भार आधी मागे घ्यायचा, मग टाचेवर पंजा वळवायचा, मगच पुढे जायचं. आणि गुडघा सतत पायाच्या बोटांच्या रोखाने. म्हणाले, “आठच कर. बाकीच्या कुठे पळून जात नाहीत.”

लाओ त्झूच्या नावावरच्या ‘ताओ ते चिंग’ या जुन्या चिनी ग्रंथाची ८१ प्रकरणं आहेत आणि मी आठवड्याला एक वाचते, दोन-तीन भाषांतरं शेजारी ठेवून. त्याच सुमाराला ४८वं आलं. विद्येच्या मागे असलेला रोज काहीतरी मिळवतो, ताओच्या, म्हणजे सृष्टीच्या सहज वाटेच्या, मागे असलेला रोज काहीतरी टाकतो. टाकत टाकत वू-वेईपर्यंत, म्हणजे काही न रेटता करण्यापर्यंत, पोचतो, असा त्याचा आशय. हे मी आधीही वाचलं होतं. पण सोळा हालचाली खरोखर टाकल्यावर वाचणं वेगळं होतं.

वू-वेई म्हटलं की आपल्याकडे पटकन निष्काम कर्म आठवतं. पहिल्या वर्षी मीही वहीत तसं लिहून मोकळी झाले होते. आता ते खोडलंय. गीतेतला प्रश्न फळाच्या आशेचा आहे. लाओ त्झूचा रोख मला तरी जोर करण्यावर दिसतो: गोष्ट ज्या बाजूने वळू पाहतेय तिच्या आडवं जाऊन रेटायचं नाही. म्हणून तो पुन्हा पुन्हा पाण्याकडे वळतो. दोन्ही मोठेच विचार आहेत, पण एकाचं नाव दुसऱ्याला दिलं की दोन्ही वाचायचे राहून जातात.

आता ताई चीतला ‘सोंग’. आपल्या ‘सोंग’ शब्दाशी याचा संबंध नाही. चिनी भाषेत सोंग म्हणजे सैल, मोकळं. जुन्या लिपीत या अक्षराच्या वरच्या भागात केसांचं चिन्ह आहे आणि खाली उच्चारासाठी पाइन वृक्षाचं. बांधलेले केस सोडले की ते खांद्यावर कसे उतरतात, तसं. केस सुटतात, पण डोक्यापासून तुटत नाहीत. मी मात्र सैल म्हणजे ढिलं, असं धरून चालले होते. पुश हँड्समध्ये, म्हणजे हाताला हात लावून जोडीने करायच्या सरावात, कोणी जरा दाबलं की माझं कोपर थेट बरगडीला टेकायचं. जोडीला असणारे काका सत्तरी ओलांडलेले आहेत. एकदा थांबून म्हणाले, “अगं, तू पळतेयस. हात लागून राहू दे. मी येतोय तेवढंच मागे जा, त्याच्या आधी नाही आणि नंतर नाही.” ताई चीच्या जुन्या सूत्रांमधलं ‘स्वतःला सोडून समोरच्याच्या मागे जाणं’ ते हेच. मी स्वतःला सोडत होते, पण समोरच्यालाही सोडत होते.

याचा उलगडा ‘च्वांग त्झू’ या दुसऱ्या जुन्या ताओवादी ग्रंथाच्या तिसऱ्या प्रकरणातल्या आचाऱ्याने केला. डिंग नावाचा हा आचारी बैल कापतो. साधा आचारी हाडांवर घाव घालतो, त्याची सुरी महिन्यात जाते; चांगला आचारी कापतो, त्याची वर्षभर टिकते. डिंगची १९ वर्षं झाली तरी नुकती धार लावल्यासारखी आहे, कारण सांध्यांत फट असते आणि पात्याला जाडी नसते. ही गोष्ट सगळे इथपर्यंत सांगतात. मला धरून ठेवलं ते पुढच्या वाक्यांनी. गुंतागुंतीची जागा आली की डिंग सावध होतो, नजर एका जागी ठेवतो, हात मंद करतो, सुरी अगदी थोडी हलवतो. आणि मातीचं ढेकूळ गळून पडावं तसं मांस सुटतं. म्हणजे एवढ्या वर्षांनंतरही अवघड जागा असतेच, आणि तिथे तो हळू होतो.

मग मी माझी गाठ शोधायला लागले. उजवा खांदा वर येण्याच्या ऐन आधी माझा श्वास अडतो. हे समजायला दोन आठवडे गेले. आता काकांचा दाब वाढला की मी हाताकडे बघत नाही, श्वासापाशी मंद होते आणि उजव्या कंबरेची घडी आत जाऊ देते. ऑगस्टच्या शेवटी एकदा त्यांचा दाब माझ्या छातीपाशी न पोचता बाजूने निघून गेला आणि त्यांना एक पाऊल पुढे टाकावं लागलं. “हां,” म्हणाले, “परत.” परत जमलं नाही. सप्टेंबरात चारदा जमलं.

नवीन मंडळी विचारतात म्हणून इतिहासाचं थोडक्यात. वुदांग पर्वतावरच्या चांग सानफेंग या ताओ सिद्धाने ताई ची रचली, ही दंतकथा आहे. माग काढता येतो तो हनान प्रांतातल्या चेनजियागोऊ गावापर्यंत, सतराव्या शतकातल्या चेन वांगतिंगपर्यंत. थांग हाओ या चिनी अभ्यासकाने १९३० च्या दशकात हे नेटाने मांडलं. आपण करतो तो २४चा फॉर्म तर १९५६ चा, सरकारी क्रीडा खात्याने बसवलेला. तरी ताओचं नातं नुसतं वरून चिकटवलेलं आहे असं मला वाटत नाही. सुन लुथांगसारखा चिनी युद्धकलांचा उस्ताद ताई ची आणि तिच्यासारख्याच शिंगयी व बाग्वा या कला, तिन्ही अंगात मुरवून ताओच्या भाषेत लिहितो, तेव्हा तो हाताला लागलेलंच सांगत असतो.

सध्या चाललंय ते असं. च्वांग त्झूच्या सहाव्या प्रकरणात खरा माणूस टाचांपासून श्वास घेतो असं आहे. उभं राहताना ते पाहतेय. साधारण तेराव्या मिनिटाला मांड्या थरथरायच्या थांबतात आणि तळव्याचा भार पुढून टाचेकडे सरकतो. तेव्हा पोट आपोआप भरतं, मी काही करत नाही. डाव्या पायावर हे होतं. उजव्यावर, दुखऱ्या गुडघ्याच्या बाजूला, अजून घोट्याच्या वरच अडकतं.