संगीतिका कोणत्या रकान्यात बसते?

डिसेंबरात आमच्या शाळेची संगीतिका झाली. बेचाळीस मुलं, अकरा शिक्षक, दोन शिपाईमामा आणि पाऊण तासाचा प्रयोग. तालमी, कपडे, नेपथ्य सगळं रेटून नेलं. अडकलो ते एका फॉर्मवर, आणि तीन महिने झाले तरी तो फॉर्म माझ्या डोक्यातून जात नाही.

विषय आमच्या घरचाच होता, गंगेचा, म्हणजे नाशिकच्या गोदावरीचा, पूर. क्युसेकचे आकडे पेपरात येतात, पण नाशिकच्या घरात एकच विचारतात, ‘दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं?’ नदीपात्रातल्या या दोन तोंडांच्या मूर्तीवरूनच आम्ही पुराचा अंदाज घेतो. म्हणून आम्ही मारुतीलाच सूत्रधार केलं. दोन मुलं पाठीला पाठ लावून, दोघांच्या कमरेला मिळून एकच शेला. एका तोंडाला गंगापूर धरणाकडून येणारं पाणी दिसतं, दुसऱ्याला सराफ बाजारात माल वरच्या मजल्यावर चढवणारी माणसं. गाणी आमच्या मराठीच्या बाईंनी लिहिली, चाली संगीताच्या सरांनी बांधल्या. एकच जुनं नाट्यपद मधे घेतलं होतं.

शाळेचं पटांगण नको, मुलांना खऱ्या नाट्यगृहात उभं करायचं, हा माझा हट्ट. ज्या नाट्यगृहाच्या कार्यालयात आम्ही गेलो त्याचं नाव लिहीत नाही. अर्जात ‘कार्यक्रमाचे स्वरूप’ असा रकाना होता आणि खाली पर्याय: नाटक, वाद्यवृंद, नृत्य, सभा, इतर. एकावरच खूण करायची.

मी ‘नाटक’वर खूण केली. खिडकीतल्या दादांनी अर्ज परत सरकवला. नाटक असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र जोडा म्हणाले. म्हणजे संहिता मुंबईला पाठवा, वाचून होईपर्यंत थांबा. आमच्या हातात पाच आठवडे होते. दुसऱ्या खेपेला ‘वाद्यवृंद’ केलं, तर गाण्यांच्या हक्कांचा परवाना मागितला. गाणी आमचीच आहेत म्हटलं, तर “मग या यादीतलं हे पद पण तुमचंच का?” तिसऱ्या खेपेला ‘इतर’. ‘इतर’ला साहेबांची सही लागते, आणि साहेब रजेवर.

“मॅडम, नाटक आहे की गाणी आहेत, ते आधी ठरवा.”

“दोन्ही आहे.”

“दोन्ही नाही चालत, एक सांगा.”

हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात गाणं आणि नाटक एकत्र उभं केलं. वसंत कानेटकर याच नाशकात राहून संगीत नाटकं लिहीत होते. त्या गावात संगीत नाटकाला अर्जात एक रकाना असू नये?

या सगळ्या काळात तारीख फक्त तोंडी राखून ठेवलेली होती. अर्ज मान्य झाल्याशिवाय भाडं भरून घेत नाहीत, आणि भाडं भरल्याशिवाय तारीख आपली नाही. मधल्या सुट्टीत रिक्षा करायची, पाऊण तास बाकावर बसायचं आणि सातव्या तासाला परत वर्गावर. मुलं रोज विचारत, “बाई, तारीख मिळाली?” त्यांना काय सांगायचं हे मला सुचत नसे. चौथ्या खेपेला साहेब भेटले, पण पत्रावर शाळेचा आडवा शिक्का होता आणि त्यांना गोल हवा होता. गोल शिक्का मुख्याध्यापिकांच्या कपाटात, आणि त्या दोन दिवस प्रशिक्षणाला.

सुटका एका पालकांमुळे झाली. ते वकील आहेत. त्यांनी कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम ५२ दाखवलं. शैक्षणिक संस्थेच्या कार्यक्रमात विद्यार्थी आणि शिक्षकांनीच सादर केलं, आणि प्रेक्षक म्हणजे विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं एवढेच असले, तर तो हक्कभंग धरत नाहीत. त्याच रात्री पत्र नव्याने लिहिलं. तिकीट नाही, फक्त पालकांना पास, बाहेरचा कलाकार एकही नाही, सोबत कलमाची प्रत, आणि खाली गोल शिक्का. साहेबांनी उभ्या उभ्या वाचलं आणि समासात ‘शालेय कार्यक्रम म्हणून मान्य’ असं लिहून सही केली. दोन मिनिटं लागली. बाहेर येऊन मी पायरीवर बसले आणि रडले. नुसता आनंद नव्हता तो, रागही होता.

तुम्हाला असं काही करायचं असेल तर पहिल्याच अर्जाला हे पत्र जोडा. ‘नाटक’, ‘संगीत’ हे शब्द मथळ्यात घालू नका, ‘शालेय वार्षिक कार्यक्रम’ लिहा. जे काही द्याल त्याची पोच घ्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक टाकून घ्या. माझं दुसरं पत्र त्यांच्याकडे सापडतच नव्हतं, पोच होती म्हणून निभावलं. तिकीट लावून खर्च काढायचा मोह आम्हालाही झाला होता. पण तिकीट काढून कोणीही आलं असतं, आणि मग कलम ५२ मागायला तोंड उरलं नसतं.

हो, आणि आठवी-नववीची मुलं घेताना पट्टीचं, म्हणजे गाण्याच्या सुराच्या उंचीचं, बघा. आमचा धरणाकडे तोंड असलेला मारुती, आठवीतला, जुलैत काळी चार या उंच पट्टीत सुरेख गायचा. दिवाळीनंतर आला तर आवाज फुटलेला. सरांनी त्याच्यासाठी गाणं खाली पांढरी एकवर आणलं. दुसरा मारुती सहावीतला, तो काळी चारमध्येच. एका गाण्यात दोन पट्ट्या कशा जमणार? सरांनी कडवी वाटून दिली आणि मधे झांजांचा तुकडा घातला, तेवढ्यात पेटी पट्टी बदलायची. प्रयोगाला पाणी छातीपर्यंत चढलं तेव्हा मोठ्याचं जड कडवं संपलं, झांजा वाजल्या आणि पाठीमागून लहानग्याचा कोवळा आवाज उठला. ते मुद्दाम लिहिल्यासारखं वाटलं. विंगेत पडद्याची दोरी धरून उभे असलेले मामा पडदा पाडायचा विसरले, आणि मीही त्यांना खूण करायची विसरले.

शेला सोडवून मी दोघांना मोकळं केलं, तेव्हा दोघांचेही सदरे पाठीवर ओलेचिंब होते. लहाना विचारत होता, “बाई, मागे बसलेल्यांना ऐकू आलं ना?” शेवटच्या रांगेतल्या आजींनी तेच कडवं मला बाहेर म्हणून दाखवलं.

अनामत रक्कम परत मिळायला मात्र अजून पाच आठवडे गेले. त्याला मूळ पावती लागते, झेरॉक्स चालत नाही. ती पहिल्याच दिवशी शाळेच्या दप्तरात लावून टाका.