आमची वाटचाल: तुम्ही गा, आम्ही वाजवतो

फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, तुमचा ऑर्केस्ट्रा आहे का कराओके? दोन्ही नाही म्हटलं की समोरचा गप्प होतो, मग मला दहा मिनिटं बोलावं लागतं. म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढू. आमचा पाच जणांचा बँड आहे, कीबोर्ड मी, ऑक्टोपॅड म्हणजे काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम, ढोलकी-तबला, गिटार आणि बेस गिटार. आमच्यात गायक नाही. गाणार तुम्ही, म्हणजे जे कार्यक्रमाला आलेत ते, सोसायटीतले काका, नवरीची मावशी, शाळेच्या गॅदरिंगला आलेले पालक, आणि आम्ही साथ करणार. अकरा वर्षं झाली, घर ह्याच्यावर चालतं.

मी मिरजेचा. सतारमेकर गल्लीतून रोज शाळेत जायचो, दुकानांच्या दारात भोपळे वाळत टाकलेले असायचे, आत कोणीतरी तंबोऱ्याची जवारी लावत, म्हणजे तारांखालची घोडी घासून आवाज जमवत, बसलेला असायचा. आता 2024 मधे मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा फार बरं वाटलं. वडील रेल्वेत होते आणि भजनी मंडळात पेटी वाजवायचे. मंडळात कोण गाणार हे ठरलेलं नसायचं, ज्याला अभंग सुचला त्याने उचलायचा, बाकीच्यांनी मागून धरायचा. कोणी बेसूर गेला तरी वडील पेटीवर त्याला हळूच सूर दाखवायचे, थांबवायचे नाहीत. मला वाटतं मी जे करतो ते सगळं तिथंच बघितलेलं आहे, फक्त पेटीच्या जागी कीबोर्ड आला.

1996 ला ऑर्केस्ट्रात लागलो. तेव्हा गणपती, यात्रा, लग्नं, वीस-पंचवीस जणांचा ताफा, टेम्पोत सामान, निवेदक, लताबाईंची गाणी म्हणणारी एक, किशोरकुमारची म्हणणारा एक. काम भरपूर होतं. मग डीजे आला, सीडीवर ट्रॅक आले, ऑर्केस्ट्रा पार्ट्यांनी माणसं कमी केली, ढोलकीवाले रिक्षा चालवायला लागले. कोणाला दोष देत नाही, ज्याला जे परवडतं ते लोक घेणार. पण 2010 नंतर माझ्याकडे महिन्याला दोन कार्यक्रम राहिले होते आणि मुलगी तेव्हा तिसरीत होती.

2014 ची कोजागिरी. सांगलीतल्या एका सोसायटीची सुपारी होती, आणि आमचा गायक तापाने पडला, दुपारी चारला फोन. ऐनवेळी दुसरा मिळेना. मी सेक्रेटरींना खरं ते सांगितलं, पैसे परत देतो म्हटलं, तर ते म्हणाले अहो आमच्यातच गाणारे आहेत, तुम्ही फक्त वाजवा. त्या रात्री चौदा जण गायले. त्यातले एक एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर होते, साठीच्या पुढचे, हात थरथरत होता, माईक दोन्ही हातांनी धरलेला. अंतऱ्याला दोन मात्रा उशिरा आले. आमच्या ऑक्टोपॅडवाल्याने ते ऐकलं आणि ठेका तसाच फिरवत ठेवला, पुढच्या समेला, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेला, मानेनं खूण केली, काका बरोबर उतरले. लोकांना कळलंसुद्धा नाही काही चुकलं होतं. काका खाली आले तेव्हा त्यांच्या मिसेसनी त्यांचा हात धरलेला मी बघितला, आणि परत येताना टेम्पोत आम्ही पाचही जण हेच बोलत होतो की हे करायचं, हेच करायचं.

आता ह्यात नक्की काय करावं लागतं ते सांगतो, कारण लोकांना वाटतं वाजवणाऱ्याला काय, कोणीही गाऊ दे. तसं नाही. तयार गायकाच्या मागे वाजवणं सोपं असतं, तो तुम्हाला घेऊन जातो. घरी गाणाऱ्या माणसाला आपण घेऊन जायचं असतं, आणि त्याला ते कळता कामा नये. पहिली गोष्ट पट्टी, म्हणजे कोणत्या सुरावरून गायचं ते. बहुतेकांना स्वतःची पट्टी माहीत नसते, कोणी सांगतं ओरिजिनलमधेच घ्या, आणि तीच चूक असते. सुरुवातीला आम्ही मुखडा गुणगुणून घ्यायचो आणि पट्टी ठरवायचो, मग स्टेजवर अंतरा वर गेला की माणूस अडकायचा, चेहरा पडायचा. आता माझी बायको स्टेजच्या मागे वही घेऊन बसते आणि प्रत्येकाकडून अंतऱ्यातली सगळ्यात वरची ओळ म्हणून घेते. ती ओळ जिथं आरामात लागते ती पट्टी. वहीत नाव, गाणं, पट्टी, "काळी एक", "पांढरी चार" अशी, पेटीच्या पट्ट्यांवरून, आणि पुढे तिची बारीक खूण असते, घाई करतो, किंवा दुसरं कडवं विसरतो. ती वही माझ्या कीबोर्डवर येते, ट्रान्सपोझ केलं, म्हणजे बटणावर पट्टी बदलली, की काम झालं. बायको स्वतः गात नाही पण तिचा कान माझ्यापेक्षा पक्का आहे हे मी कुठंही लिहून देईन.

दुसरं म्हणजे गाणं सुरू होताना मी पहिली ओळ कीबोर्डवर धुनेसारखी वाजवतो, म्हणजे उचलायचा सूर कानात बसतो. घाबरलेल्या माणसाच्या मागे गिटारवाला कलाकुसर करत नाही, साधे कॉर्ड धरतो. आणि माईक. लोक टीव्हीवर बघून जाळीलाच मूठ मारतात, त्याने शिट्टी वाजते आणि माणूस दचकतो की संपलं. म्हणून आम्ही प्रत्येकाला आधी हातात बंद माईक देऊन शिकवतो, खाली दांड्याला धरा, तोंडापासून दोन बोटं लांब, आणि खाली ठेवलेल्या मॉनिटर स्पीकरकडे माईकचं तोंड करू नका. एक मिनिट लागतो.

कराओकेबद्दल माझ्या मनात काही वाईट नाही. पण त्याची गोष्ट मला फार आवडते म्हणून सांगतो. ओके म्हणजे ऑर्केस्ट्रा, कारा म्हणजे रिकामा. जपानमधे कोबे शहरात दाइसुके इनोउए नावाचे वादक होते, ते बारमधे गाणाऱ्या गिऱ्हाइकांच्या मागे वाजवायचे, म्हणजे आमचाच धंदा. एका गिऱ्हाइकाला कंपनीच्या सहलीला त्यांनी साथीला यायला हवं होतं, ह्यांना जाता येईना, म्हणून त्यांनी आपली साथ टेप करून दिली. त्यातून 1971 मधे त्यांचं मशीन आलं. तेव्हा ते मशीन अशा माणसाने केलं ज्याला गाणाऱ्याच्या मागे कसं वाजवायचं ते माहीत होतं. आता मोबाईलवरच्या ट्रॅकला ते माहीत नसतं. तुम्ही दोन मात्रा चुकलात की ट्रॅक पुढे निघून जातो, कंडक्टर काकांसाठी तो थांबला नसता.

सगळं गोडच झालं असं नाही. एका लग्नाच्या संगीतमधे मुलाकडचे चार-पाच जण पिऊन स्टेजवर चढले, ग्लास कीबोर्डवर सांडला, अठ्ठावन्न हजारांचा कीबोर्ड गेला आणि भरपाई कोणी दिली नाही. एका इव्हेंटवाल्याने तीन कार्यक्रमांचे पैसे आजपर्यंत दिले नाहीत. कीबोर्ड गेला त्या रात्री घरी येऊन मी खरंच विचार करत होतो की कीबोर्डचे क्लास काढावेत आणि हे बंद करावं. बंद केलं नाही, नियम केले. अर्धे पैसे सुपारीला, उरलेले कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी. स्टेजवर एका वेळी दोनच पाहुणे, आणि वहीत नाव असल्याशिवाय माईक नाही, मग तो नवरदेव का असेना. तिकीट लावून कार्यक्रम असेल तर गाण्यांचं लायसन आयोजकाने आधी काढायचं, हे पण आम्ही कागदावर लिहून घेतो.

2020 ला सगळंच थांबलं. ढोलकीवाल्याने भाजी विकली, मी ऑनलाइन शिकवलं, पण व्हिडिओ कॉलवर साथ होत नाही, आवाज मागे-पुढे होतो. दीड वर्ष आम्ही पाच जण एकत्र वाजवलं नाही. परत पहिला कार्यक्रम झाला तेव्हा वहीतली दोन-तीन नावं कायमची गेलेली होती.

एक गोष्ट उशिरा कळली, की लोकांना फक्त गायचं नसतं. एकदा इस्लामपूरच्या बाजूला एका हळदीला एक म्हातारे गृहस्थ सारखे स्टेजजवळ येऊन उभे राहायचे. विचारलं तर म्हणाले, मी बँडमधे क्लॅरोनेट वाजवायचो, वरातीच्या. घरी आहे. मी म्हटलं आणा. नातू मोटरसायकलवरून घेऊन आला, जुन्या टॉवेलमधे गुंडाळलेलं. त्यांनी रीड तोंडात ओली केली, बराच वेळ, आम्ही थांबलो, आणि मग मुखड्यानंतरचा म्युझिकचा तुकडा असा उचलला की माझा बेसवाला वाजवायचा थांबला. तेव्हापासून आम्ही जादाचा एक माईक स्टँडवर वाद्यासाठी ठेवतो आणि फोनवर आधी विचारतो, तुमच्यात कोणी वाजवणारं आहे का. दिमडी, बासरी, संबळ, सगळं आलेलं आहे.

आणि शेवटचं, रात्री दहाचं. बाहेर स्पीकर दहाला बंद म्हणजे बंद, त्यावर आम्ही घासाघीस करत नाही. पण कोजागिरीचं दूध बाराला असतं. म्हणून आम्ही दहाला साउंड उतरवतो आणि सोसायटीच्या हॉलमधे दारं लावून पेटी नि ढोलकी घेऊन खाली सतरंजीवर बसतो. ह्या दोन तासांचे वेगळे पैसे घेत नाही. जे स्टेजवर यायला लाजतात ते इथं गातात. गेल्या वर्षी एका आजींनी जात्यावरची ओवी सुरू केली. त्यात ठेका बसत नव्हता, ढोलकीवाल्याने एकदा बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं, मग हात चामड्यावर नुसते ठेवले. मी पेटीवर फक्त सा धरला. आजींचा उजवा हात गाताना आपोआप गोल फिरत होता, दळल्यासारखा. तिसऱ्या ओवीला बायकोने वही मिटली आणि मागच्या दोघी-तिघी बायकांबरोबर तिनेही ओळ उचलली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.