नंबराची घाई

मालवाहू बार्जवरची डिझेल इंजिने काढून त्यांच्या जागी बॅटरी आणि विद्युत मोटर बसवता येतील का, याचा अंदाज काढण्याचे काम आमच्याकडे आले, तेव्हा मी ते सरळ गणिताचे काम समजलो होतो. इंजिनाला किती शक्ती लागते ते मोजायचे, प्रवासाच्या तासांनी गुणायचे आणि बॅटरीचा आकार सांगायचा. मार्ग होता मुंबई बंदरात नांगरलेल्या मोठ्या जहाजापासून धरमतरच्या खाडीतल्या एका धक्क्यापर्यंतचा, म्हणजे वीसेक सागरी मैलांचा. 2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशातील जलमार्गांची संख्या 111 वर नेली, त्यांत या खाडीला मिळणारी अंबा नदी दहाव्या क्रमांकाची आहे.

शुद्ध त्रयोदशीच्या पहाटे साडेचारला आम्ही सुमारे अडीच हजार टन कोळसा घेऊन निघालो. दोन्ही इंजिनांच्या डिझेल नळ्यांवर मी आदल्या दिवशीच मीटर बसवून घेतले होते. बार्ज चालवणारे सारंग उरणकडचे, साठीला टेकलेले गृहस्थ होते. भरतीचा छापील तक्ता माझ्या हातात असताना त्यांनी तिथीची, म्हणजे तेराची, पाऊणपट केली, पूर्ण भरतीची वेळ पावणेदहा सांगितली आणि खाडीच्या आत त्यात पाऊण तास मिळवायला सांगितले. तक्त्याशी ताडून पाहिले तर फरक अर्ध्या तासाहून कमी होता.

सुकाणूवर बसताच त्यांनी दोन्ही इंजिने पूर्ण वेगाला लावली. आठ नॉट, म्हणजे ताशी आठ सागरी मैल, वेग मिळाला आणि मीटरवर दोन्ही मिळून ताशी 130 लिटरच्या आसपास आकडा स्थिरावला. सहा वाजता आम्ही खाडीच्या तोंडाशी रेवससमोर पोहोचलो, सारंगांनी व्हीएचएफ रेडिओवर बार्जचे नाव नोंदवले आणि खलाशांनी नांगर टाकला. भरलेल्या बार्जला आत जाण्याइतके पाणी चढायला अजून तीन तास होते. आमच्या आधी चार बार्ज तिथेच उभ्या होत्या आणि पाचही बार्जवर जनरेटर धडधडत होते.

पाणी नऊ वाजता येणार हे ज्यांना घड्याळाशिवाय कळते, त्यांनी सहाला पोहोचण्यासाठी एवढे डिझेल का जाळावे, हे मी जरा संकोचत विचारले. सारंग हसले आणि म्हणाले, "मना घाई नाय, साहेब. नंबराला घाई हाय. आधी नाव सांगल त्याचा माल आधी उतरल."

गोष्ट एवढीच होती. धक्क्यावर जागा मिळण्याचा क्रम रेवससमोर पोहोचण्याच्या वेळेवरून ठरत असे, त्यामुळे प्रत्येक बार्ज पहाटे पळत येई आणि मग तासन्‌तास उभी राही. बोटीला लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, हे आम्ही अभियांत्रिकीच्या पहिल्याच वर्षी शिकतो. आठ नॉटवरून सहावर आले की ती निम्म्याहूनही खाली येते. उथळ पाण्यात तर वेगाचा हट्ट आणखी महाग पडतो. नऊनंतर खाडीत शिरल्यावर ते डोळ्यांनी दिसले. बार्जचा मागचा भाग खाली बसला, तपकिरी पाण्याची लाट दोन्ही काठांच्या खारफुटीत घुसू लागली, आणि इंजिनाचा जोर तोच असून वेग मात्र साडेसहावर घसरला. ते जादाचे डिझेल चिखल ढवळण्यात जात होते.

मालकांना विनंती करून पंधरा दिवसांनी, वद्य त्रयोदशीला, म्हणजे भरतीच्या वेळा जवळजवळ त्याच असताना, एक फेरी वेगळ्या रीतीने केली. धक्क्यावरची जागा आदल्या संध्याकाळी फोनवर ठरवून घेतली आणि साडेसहाला निघून सहा नॉटने, कुठेही न थांबता, दहाच्या सुमारास धक्क्याला लागलो. खलाशांना दोन तास झोप जास्त मिळाली, याचे त्यांना डिझेलपेक्षा अप्रूप होते. मीटरवर ताशी साठ लिटर दिसत होते. जनरेटरचा खर्च सोडला, तरी आठ नॉटच्या हिशेबाने जिथे सव्वातीनशे लिटर लागतात, तिथे दोनशे लागले. एक लिटर डिझेल जळताना सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे एका फेरीला तीनशे किलोहून अधिक बचत, तीही एक रुपयाचे यंत्र न बदलता.

बॅटरीचे गणितही त्यामुळे पालटले. पळत जाणाऱ्या बार्जला एका फेरीसाठी तेराशे किलोवॅट-तास ऊर्जा लागली असती, ती आठशेवर आली. केंद्र सरकारच्या हरित नौका धोरणानंतर विजेच्या बोटींविषयी विचारणा वाढली आहे, पण चुकीच्या वेळापत्रकावर बॅटरी मोजून दिली असती, तर आम्ही रांगेत उभे राहण्याची किंमत बॅटरीत भरून मालकाला विकली असती. अहवालाचे पहिले पान म्हणून मी धक्क्याच्या नंबरांवर लिहिले. बॅटरी नवव्या पानावर गेली, आणि त्यावरून मला थोडे ऐकूनही घ्यावे लागले.

अहवाल दिल्यानंतर सारंगांचा फोन आला. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या, म्हणजे कमी चढणाऱ्या भरतीला, पाणी जेमतेम तासभर पुरते आणि सगळ्यांना तोच तास हवा असतो, तेव्हा फोनवरचा नंबर कोणाला देणार, असे त्यांनी विचारले. माझ्या दोन्ही फेऱ्या त्रयोदशीच्या, म्हणजे मोठ्या भरतीच्या होत्या. येत्या अष्टमीला मी पुन्हा त्यांच्याच बार्जवर जाणार आहे.